अंड्याची अ‍ॅलर्जी, कावासाकी आणि शाळेतली लस-सूट

पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आलेलं कुटुंब. पाच वर्षांची लेक ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाणार. आईचा प्रश्न नेहमी कानावर येणारा: "हिला अंडं सोसत नाही, म्हणून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) नको. पुण्याच्या डॉक्टरांनी तसं पत्र दिलंय. शाळेत चालेल ना?"

नाही चालणार. अंड्याची अ‍ॅलर्जी एमएमआर टाळण्याचं वैद्यकीय कारणच नाही. लशीतले गोवर आणि गालगुंडाचे विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवतात. अंड्यातलं प्रथिन लशीत जवळजवळ उरत नाही. जिलेटिन किंवा निओमायसिन या प्रतिजैविकाची तीव्र अ‍ॅलर्जी असती, तर गोष्ट वेगळी होती. शिवाय कॅलिफोर्नियात 2021 पासून शाळेसाठीच्या लशींतून नवी वैद्यकीय सूट फक्त राज्याच्या 'केअर-एमई' या ऑनलाइन प्रणालीतूनच मिळते, लेटरहेडवरचं पत्र शाळा घेत नाही. वैयक्तिक मतावर मिळणारी सूट तर 2016 मध्येच बंद झाली.

मग फाइल चाळताना एक डिस्चार्ज कार्ड सापडलं. एप्रिलमध्ये मुलीला कावासाकी आजार (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) झाला होता आणि वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं, शिरेतून दिलं होतं. "तो तर बरा झाला," म्हणून आईने ते सांगितलंच नव्हतं. एमएमआर लांबवण्याचं खरं कारण हेच! बाहेरून आलेली ही प्रतिपिंडं लशीतल्या दुबळ्या विषाणूला निकामी करतात, लस वाया जाते. म्हणून एमएमआर आणि कांजिण्यांची लस 11 महिने थांबवायची, म्हणजे मार्चपर्यंत. पोलिओ आणि डीटॅपला (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्याची लस) या औषधाची आडकाठी नाही. चौथ्या वाढदिवसानंतरचे ते डोस शाळेआधीच घ्यायचे.

आईने केअर-एमईवर खातं उघडून विनंती क्रमांक घ्यायचा आणि तो कॅलिफोर्नियाचा परवाना असलेल्या एमडी किंवा डीओ (अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन पदव्या) डॉक्टरांना द्यायचा, सोबत डिस्चार्ज कार्ड. इम्युनोग्लोब्युलिनची तारीख आणि मात्रा त्यावर स्पष्ट हवी. फॉर्म भरण्याचे पैसे डॉक्टरांना घेता येत नाहीत. तात्पुरती सूट जास्तीत जास्त एक वर्षाची. इथे दोनच लशींसाठी, मार्चपर्यंत. छापील प्रत शाळेत द्यायची.

पुण्याच्या लसीकरण कार्डावर एमआरचे (गोवर-रुबेला लशीचे) दोन डोस होते, म्हणून आई निश्चिंत होती. पण नवव्या महिन्यातला डोस इथे धरत नाहीत, कारण तो पहिल्या वाढदिवसाआधीचा. आणि एमआरमध्ये गालगुंडाची लस नसतेच. कांजिण्यांचा तर एकही डोस झालेला नव्हता.

शाळेत गोवर निघाला तर सूट असलेल्या मुलीला 21 दिवसांपर्यंत घरी ठेवायला सांगू शकतात. तोवर तिचं संरक्षण घरच्यांच्या लशींवर आहे, म्हणून आई-बाबांची कार्डंही मागवली. मार्चमध्ये दोन्ही लशी एकाच दिवशी घेता येतील. कांजिण्यांचा दुसरा डोस तीन महिन्यांनी. कावासाकीसाठी दिलेलं अ‍ॅस्पिरिन अजून चालू असेल तर कांजिण्यांच्या लशीआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं.