मुलं १५ आणि १३ वर्षांची, नवरा-बायको दोघंही पूर्णवेळ नोकरीत. आता मी नोकरी सोडावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलं लहान असताना पाळणाघर आणि आजी यांच्या जिवावर निभावलं. आता ती मोठी झाली, तर उलट हातातून सुटत चालल्यासारखी वाटतात. तुम्ही हिंजवडीहून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात, तोवर दोघांच्या खोल्यांची दारं बंद. बहीण म्हणते, नोकरी सोड.

मी सोडली नाही. सोडणार होते, राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे.

मी भोसरी एमआयडीसीत, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला कर्वेनगर. कंपनीची बस सकाळी ७.१० ला कर्वे पुतळ्यापाशी येते आणि संध्याकाळी साडेसहाला सोडते. नाशिक फाट्याला अडकली तर सात. नवरा बँकेत, त्याला रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. मला गुरुवार. पुण्याबाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण पिंपरी-चिंचवड, भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून कधीकाळी लागलेली ही रीत. म्हणजे मुलं घरी असतात तेव्हा मी कंपनीत, आणि मी घरी असते तेव्हा मुलं शाळेत. वर महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तेही बहुतेक वेळा गुरुवारीच. ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ हे वाक्य मला तोंडपाठ आहे. माझी सुट्टी अशी बादल्या भरण्यात जायची.

मुलगी तेव्हा दहावीत होती, मुलगा आठवीत. मला वाटायचं, आता काय, शी-शू काढायची नाही, भरवायचं नाही, सुटलो. कायद्यालाही बहुधा तसंच वाटतं. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आणि तिथून पुढे खाजगी नोकरीतल्या आईला काही नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळते, राज्य सरकारच्या महिलांना १८०. मंत्रालयातली माझी मावसबहीण मुलीच्या बारावीला दीड महिना घरी होती. मी कारखान्यातली. वीस दिवस भरले की एक रजा, असा आमचा हिशोब.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे तो मेल लिहिला.

मुलीचा क्लास होता, नाव सांगत नाही. मूल आलं नाही की पालकांना मेसेज जायचा: ‘आपली पाल्य आज अनुपस्थित आहे.’ हा मेसेज मला संध्याकाळी यायचा, डिस्पॅचची गाडी भरत असताना. मी न वाचताच अंगठा दाखवायचे. असे नऊ अंगठे. नंतर वर सरकवून मोजले तेव्हा कळलं.

एका रात्री पावणेअकराला मी स्वयंपाकघरात खाली बसून दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मेथी निवडत होते. ती पाणी प्यायला आली. गेली नाही. समोर बसली आणि जुडी ओढून निवडायला लागली, काड्यांसकट. एरवी मी म्हटलं असतं, “अगं काड्या काय टाकतेस!” त्या दिवशी इतकी दमले होते की बोलायचं त्राण नव्हतं. पाच-सात मिनिटं दोघी नुसत्या मेथी निवडत होतो. मग तिने मान वर न करता सांगितलं, “आई, मी क्लासला जात नाहीये.”

मनात सगळं येऊन गेलं. मुलगा, मोबाइल, काय काय. ती रोज सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जात होती. क्लासमध्ये सर भूमिती इतकी पळवायचे की हिला काही कळायचं नाही, आणि विचारलं की मागची मुलं हसायची. साठवलेल्या पैशांतून तिने अभ्यासिकेची महिन्याची फी भरली होती. पोरगी बंक मारून अभ्यास करत होती! आणि हे सांगायला तिला महिना लागला, कारण “तू आलीस की लगेच कुकर लावतेस, मग विचारतेस अभ्यास झाला का, मग झोपतेस.”

त्या रात्री राजीनाम्याचा मेल लिहिला. पाठवला नाही, कारण बसमध्ये विचार केला: नोकरी सोडून मी घरी असते तर काय झालं असतं? ती दुपारी शाळेतून येते, जेवते, झोपते, साडेचारला बाहेर पडते. मी दिवसभर घरी बसून तिच्या बंद दाराकडे बघत बसले असते. ती बोलली रात्री पावणेअकराला, आणि मी रोज दहाला झोपत होते. अडचण तिथे होती.

यामागे शरीराचंही कारण आहे, हे नंतर आमच्या डॉक्टरांकडून कळलं. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, दीड-दोन तासांपर्यंत उशिरा. त्यामुळे दहाला या मुलांना खरोखरच झोप येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सकाळची शाळा असेल तर हे गणित बसतच नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊनंतर भरवायचं ठरवलं, ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ती बिचारी सहालाच उठून उड्या मारत असतात. ज्यांना खरंच उठवत नाही त्यांची शाळा सातला. असो.

मी काय बदललं, तर माझी झोप दोन तुकड्यांत केली. संध्याकाळी आल्यावर सरळ पाऊण तास आडवी होते. सासूबाईंना पहिले पंधरा दिवस ते पटलं नाही (“दिवेलागणीला कुणी झोपतं का?”), मग त्यांनीच माझ्या खोलीचा दिवा घालवायला सुरुवात केली. त्या बदल्यात रात्री साडेअकरापर्यंत मी बाहेरच्या खोलीत असते. मुद्दाम ‘बोलू या’ म्हणून नाही. तसं म्हटलं की मुलं कासवासारखी आत जातात. काहीतरी हातात असतं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट. महिन्यातल्या वीस रात्री कुणी फिरकत नाही. उरलेल्या दहांपैकी सात-आठ वेळा ‘खायला काय आहे’ एवढंच असतं.

मुलाचं वेगळं. तो रात्री बोलत नाही, स्कूटरवर मागे बसला की बोलतो. तोंड दिसत नाही म्हणून असेल. क्लासला तो बसने जाऊ शकतो, तरी गुरुवारी मी सोडते, आणि मुद्दाम लांबून, राजाराम पुलावरून. हेल्मेटमुळे निम्मं ऐकू येत नाही. “काय?” म्हटलं की तो परत सांगतो, आणि दुसऱ्यांदा सांगताना थोडं जास्त सांगतो. मिशीची लव आली म्हणून वर्गात चिडवतात, हे मला नवले पुलाच्या अलीकडे सिग्नलला कळलं.

मग तो गुरुवार मोकळा कसा केला, हे विचाराल. इथे नवऱ्याशी वाजलं. तो वाईट नाही, पण ‘मदत’ करणारा होता. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आलंय की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. मी त्याला आकडा दाखवला तर म्हणाला, “मी शंभर तरी करत असेन.” मग कागदावर लिहून काढलं. भाजी, वाणी, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेचा ग्रुप, पाण्याचा टँकर. करायला निम्मी कामं तो करत होता, पण लक्षात ठेवायचं सगळं माझ्या डोक्यात. आता शाळेच्या आणि क्लासच्या मेसेजला नंबर त्याचा. माझा काढूनच टाकला. पहिल्याच महिन्यात तो पालकसभा विसरला. मी गप्प बसले, बाई त्याला बोलल्या, तेव्हापासून विसरत नाही.

मुलांनाही कामं लावली. मुलगा रोज संध्याकाळी वरणभाताचा कुकर लावतो. वरणात हिंग इतका घालतो की जिन्यात वास येतो. पोळ्यांना मावशी आहेत. रविवारी मी नसते तेव्हा दुपारचं तिघं मिळून बघतात. बहुतेक वेळा कोपऱ्यावरची मिसळ येते, आणि मला फोटो येतो.

कुणी सांगत नाही म्हणून एक सांगते, रजा आत्तापासून राखा. दहावीची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. आमच्याकडे तेव्हाच मार्च एंडचा माल निघायचा असतो. मी ऑक्टोबरमध्येच साहेबांना लेखी दिलं होतं की गणिताचे दोन्ही पेपर आणि त्यांच्या आदल्या दिवशी मी येणार नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण ऑक्टोबरमध्ये नाही म्हणणं अवघड असतं. फेब्रुवारीत विचारलं असतं तर मिळालीच नसती. त्या दिवसांत मी केलं काहीच नाही. दहीभात दिला, कंपास तपासली, केंद्राबाहेर उभी राहिले. क्लास आम्ही सोडवला होता. पहिल्या हप्त्याचे पैसे बुडाले.

सगळं जमलं असं नाही. मुलाच्या स्नेहसंमेलनाला दोन वर्षं गेले नाही, ते त्याच्या लक्षात आहे. मुलगी आता अकरावीत आहे आणि तिच्या मित्रमंडळींपैकी निम्म्यांची नावं मला माहीत नाहीत. कंपनीत एक प्रमोशन नाकारलं, कारण त्यात दुसरी शिफ्ट होती, म्हणजे रात्री साडेबाराला घर. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण पगार चालू आहे, आणि मुलीला फिजिओथेरपीचा कोर्स करायचा आहे, त्याची फी कळली तेव्हा तो मेल पाठवला नाही याचं बरंच वाटलं.

तुमचं हिंजवडीचं, म्हणजे बहुधा आयटीचं काम आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा तुमच्या हातात थोडं जास्त असेल. आठवड्यात दोन दिवस घरून काम मिळत असेल तर सोमवार-शुक्रवार घेऊ नका. ज्या दिवशी मुलांना क्लास नसतो ते दिवस घ्या. आणि परदेशातले कॉल रात्री दहानंतर ठेवू नका, नऊच्या आत उरका. ती वेळ मुलांची आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की १३ वर्षांच्या मुलाला दुपारी दोन-तीन तास एकटं ठेवावं का. सासूबाई घरी नसतील तेव्हा आम्ही ठेवतो. गॅस लावता-बंद करता येतो का, हे आधी महिनाभर समोर उभं राहून बघितलं. एक किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. त्यांचं लक्ष असतं, जरा जास्तच असतं. कुकरच्या शिट्ट्या त्या मोजतात आणि चौथी झाली की मला फोन करतात.