एकाच मुलखात एकाच वेळी दोन सरकारं असू शकतात का?

तुम्ही विचारलंय, की एकाच प्रदेशात एकाच वेळी दोन सरकारं नांदू शकतात का, आणि नांदत असतील तर त्यातलं खरं कुठलं मानायचं.

नांदू शकतात. त्यासाठी परदेशातली उदाहरणं शोधायची गरज नाही. मी वाळवा तालुक्यातला. आमच्या आजोबांच्या पिढीनं १९४३ ते १९४६ हा काळ दोन सरकारांखाली काढला. कागदोपत्री ब्रिटिशांचा साताऱ्याचा कलेक्टर आणि गावात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं.)

खरं तर दोन म्हणणंही कमीच पडेल. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात, सांगली पटवर्धनांच्या संस्थानात, वारणा ओलांडली की कोल्हापूर, आणि या सगळ्यांच्या अधेमधे ब्रिटिश मुलूख. सकाळी घरातून निघालेला माणूस दिवस मावळेपर्यंत दोन-तीन राज्यांतून फिरून यायचा. पोलिसांची हद्द मात्र जागोजागी अडायची. भूमिगतांना याचा फार मोठा आधार झाला. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं, म्हणजे त्याच्या स्वयंसेवक दलाचं, केंद्र कुंडलला होतं, ते उगीच नाही.

पण हद्दींमुळे लपता येतं, राज्य करता येत नाही. राज्य उभं राहायला आधीच्या राज्यावरचा लोकांचा विश्वास उडावा लागतो. तो १९४२ ला, ‘चले जाव’ चळवळीत उडाला. ऑगस्ट-सप्टेंबरात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. लोकांच्या हातात तिरंगे होते. ९ सप्टेंबरला वडूजला आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. माझ्या मते इथलं ब्रिटिश राज्य अर्धं तिथंच संपलं. ज्या कचेरीच्या दारात आपल्या माणसाला गोळी घातली, त्याच कचेरीत उद्या बांधाची तक्रार घेऊन कोण जाईल?

तक्रारी मात्र थांबत नाहीत. पुढारी तुरुंगात किंवा भूमिगत, पोलीस त्यांच्या मागावर, आणि या धामधुमीत दरोडेखोर माजले. प्रतिसरकारचा जम बसला तो आधी या दरोडेखोरांचा बंदोबस्त केल्यामुळे. मग लोक आपली भांडणं घेऊन यायला लागले आणि गावोगावी न्यायदान मंडळं उभी राहिली.

माझे आजोबा अशा एका बैठकीला हजर होते. वाद साधाच होता. दोन चुलतभावांच्या शेतातला बांध, एकजण दरसाल नांगरताना नांगराच्या एक-दोन रेघा पलीकडे सरकायचा. बैठक रात्री मळ्यात बसली. पंचांनी दोघांचं ऐकून घेतलं, मग गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं, आणि सगळेच कंदील घेऊन शेतात गेले. विहिरीच्या कडेपासून कासऱ्यानं माप घेतलं, दगड रोवले आणि दोघांना बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली. रात्रीत निकाल. हाच दावा इस्लामपूरच्या कोर्टात गेला असता तर वकील, तारखा, आणि प्रत्येक तारखेला एक दिवस बुडाला. आजोबा यापुढचं जे सांगायचे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्या शेतावर कुणी पहारेकरी उभा नव्हता, तरी नांगर दगडाच्या आतच फिरला.

सरकार म्हणजे काय, याचं माझं उत्तर यातच आहे. मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकाची व्याख्या तुम्ही वाचली असेल, की एखाद्या भूभागात बळ वापरण्याचा मान्य हक्क ज्याच्या एकट्याकडे असतो ते राज्य. मी त्यातल्या ‘मान्य’ या भागावर भर देईन. बंदुका त्या तीन वर्षांत ब्रिटिशांकडेच जास्त होत्या.

नुसती मान्यता एकीकडे आणि बळ दुसरीकडे, असंही साताऱ्यानं पाहिलंय. १७४९ ला शाहू महाराज गेले आणि कारभार पुण्यात एकवटला. तरीही नवा पेशवा गादीवर आला की त्याची वस्त्रं, म्हणजे पदावरच्या नेमणुकीचा मान, साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यायची, थेट दुसऱ्या बाजीरावापर्यंत. सत्ता पुण्याची, पण साताऱ्याच्या शिक्क्याशिवाय ती अधुरी.

प्रतिसरकारला असा कुणाचा शिक्का नव्हता. नाना पाटील स्वतः कधीकाळी तलाठी होते, त्यामुळे सरकार गावात नेमकं कुठून शिरतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर अशी माणसं होती. सावकारांना चाप बसला, दारू बंद झाली, कर्ज न काढता हार घालून गांधी-लग्नं लागली. पैसा उभा केला तोही सरकारचाच: ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवून, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये धुळ्याचा खजिना लुटून. १९४२ च्या चळवळीत उत्तर प्रदेशातल्या बलियालाही असं सरकार झालं, ते काही दिवसच टिकलं. बंगालात तामलुकचं सरकार १९४४ पर्यंत चाललं. साताऱ्याचं त्याहूनही जास्त टिकलं.

आता याची दुसरी बाजू, जी आमच्याकडच्या भाषणांत हळूच गाळली जाते. शिक्षा कडक होत्या. खबरे, दरोडेखोर, बायकांना छळणारे यांच्या तळपायांवर फटके पडत. लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हे नाव बसलं, त्यात या शिक्षांचा धाकही होता. लेखी कायदा नव्हता आणि पंचांच्या वर दाद मागायला जागा नव्हती. पंच चांगले होते म्हणून निभावलं, असं मी म्हणेन. पण पंच वाईट निघाला तर त्याला बदलायचं कसं, याचं उत्तर प्रतिसरकारजवळ नव्हतं. त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे, तरी हे सांगायलाच हवं.

त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न शेजारीच, औंधमध्ये चालू होता. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये आपणहून सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते सल्ल्यासाठी सेवाग्रामला गांधीजींकडे गेले होते. पाया निवडलेल्या ग्रामपंचायतींचा, त्यावर तालुका, त्यावर विधिमंडळ. गावच्या वादांचे निवाडेही पंचायतीकडे आले. म्हणजे बांधाचा तंटा इथंही गावातच मिटणार होता, फरक इतकाच की पंच निवडून आलेला आणि म्हणूनच पुढच्या खेपेला पाडता येणारा. हाही प्रयोग कुणाला माहीत नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका बाजूला रयतेनं सत्ता हिसकावून घेतली, दुसऱ्या बाजूला राजानं ती सोडून दिली, आणि या दोन्ही गोष्टी काही कोसांच्या अंतरावर, काही वर्षांच्या आत झाल्या.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. १९४४ साली वाळव्यातल्या शेतकऱ्यासाठी खरं सरकार प्रतिसरकारच होतं, कारण तो आपलं भांडण तिथं नेत होता आणि हरला तरी निकाल पाळत होता. पण १९४६ ला मुंबईत निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं, भूमिगत बाहेर आले आणि प्रतिसरकार थांबलं. ब्रिटिशांनी ते मोडून काढलं नाही. तोपर्यंत लोकांना मताचा हक्क असलेली दुसरी जागा दिसायला लागली होती. नाना पाटीलही पुढे १९५७ ला साताऱ्यातून मतं मागूनच लोकसभेत गेले.