वाचकांचे प्रश्न : अभ्यासिकेचं वायफाय आणि सारखा फुटणारा पासवर्ड

प्रश्न : आमची बार्शीत छोटी अभ्यासिका आहे, ६० खुर्च्या, तीन पाळ्या. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी असं सगळं करणारी मुलंमुली येतात. देणगीतून १०० एमबीपीएसची लाइन घेतली, पासवर्ड फळ्यावर लिहिला आणि आता तो अख्ख्या गल्लीला पाठ आहे. संध्याकाळी बाहेर कट्ट्यावर पोरं गेम खेळतात आणि आत बसलेल्यांना साधी पीडीएफ उघडत नाही. काही फोन तर आयपी अ‍ॅड्रेस मिळवताना तिथंच अडकतात. पासवर्ड बदलला तरी लगेच फुटतो. कुणी म्हणतं वायफायचं नाव लपवा, कुणी म्हणतं फोनची यादी करा. काय करावं? (अभ्यासिकेचा एक कार्यकर्ता)

उत्तर : दादा, पासवर्ड कितीही अवघड ठेवा, तो फुटणारच, कारण तो सगळ्यांचा एकच आहे. अँड्रॉइड १० पासून तर फोनमध्येच शेअरचं बटण आहे, क्यूआर कोड दाखवला की दुसरा फोन जोडला गेला, पासवर्ड सांगायचीही गरज नाही. आणि एकाला बंद करायचं म्हणजे सगळ्यांचाच बदलावा लागतो, मग परत सगळ्यांना सांगा, परत फुटला.

नाव लपवून काहीही होत नाही. ज्यांचे फोन आधी जोडलेत ते स्वतःच हवेत त्या नावाने हाका मारत असतात, ज्याला शोधायचंय त्याला लॅपटॉपवर ते सापडतं. फोनची यादी म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसची, म्हणजे प्रत्येक फोनच्या वायफाय ओळख क्रमांकाची यादी, तिच्या नादीही लागू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक दाखवतच नाहीत, बनावट दाखवतात, एखाद्याने सेटिंग बदललं की तुमच्या यादीतला फोन अनोळखी झाला. उलट ज्याला घुसायचंय त्याला दुसऱ्याचा मॅक बघून स्वतःच्या लॅपटॉपला लावणं सोपं, कारण वायफायला पासवर्ड असला तरी मॅक अ‍ॅड्रेस हवेत उघडाच फिरतो. म्हणजे त्रास तुमच्या पोरांना आणि मोकळीक बाहेरच्यांना.

माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचा आणि त्या कोडला मुदत लावायची. याला हॉटस्पॉट किंवा कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात, म्हणजे फोन जोडला की आधी लॉगिनचं पान येतं आणि कोड टाकल्याशिवाय पुढं नेट चालत नाही. मायक्रोटिकच्या छोट्या राऊटरमध्ये ही सोय आतच असते, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेत व्हाउचर छापता येतात, फक्त त्याला कंट्रोलर, म्हणजे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर किंवा वेगळा डबा लागतो. गावातल्या सीसीटीव्ही-नेटवर्किंगवाल्याला 'व्हाउचरवालं हॉटस्पॉट करून दे' म्हटलं की बहुतेक वेळा कळतं.

सेटिंग करून घेताना त्याच्या शेजारी बसा. एका कोडवर एकच डिव्हाइस चालेल असं ठेवा, मायक्रोटिकमध्ये याला शेअर्ड युजर्स म्हणतात, तिथं १ पाहिजे, लॅपटॉप असेल त्याला २ द्या. कोड महिन्याच्या फीबरोबर द्यायचा आणि महिना संपला की आपोआप बंद, म्हणजे कुणाला हाकलायची वेळच येत नाही. प्रत्येकाला २ ते ३ एमबीपीएसची मर्यादा लावा. १०० भागिले ६० म्हणजे दीड-पावणेदोनच होतात हे मान्य, पण सगळे एकाच क्षणाला ओढत नसतात, आणि ४८०पी मधलं लेक्चर एवढ्यात नीट चालतं. ही मर्यादा लागली ना की निम्मी भांडणं तिथंच मिटतात, कारण आता एकाच्या डाउनलोडने दुसऱ्याचं पान अडकत नाही.

आयपी मिळवताना फोन अडकतो त्याचं कारण बहुतेक वेगळंच आहे. राऊटरकडे वाटायला आयपी म्हणजे नेटवर्कमधले पत्ते मोजके असतात, बऱ्याच ठिकाणी १०० च्या आसपास, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास अडवून ठेवलेला असतो. सकाळच्या पाळीतली पोरं घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच, त्यात कट्ट्यावरचे फोन, मग संध्याकाळच्यांना मिळणार कुठून. राऊटरमध्ये डीएचसीपी लीज टाइम, म्हणजे पत्ता अडवून ठेवायची मुदत, १ तास करा आणि पत्त्यांची रेंज वाढवा. हे आजच करा, नवीन राऊटर यायची वाट बघू नका.

एपी आयसोलेशन चालू करायला विसरू नका, त्याने एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनशी बोलू शकत नाही, मुलींचे लॅपटॉप असतात तिथं हे पाहिजेच. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर वेगळ्या नेटवर्कवर घ्या. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिनने फोन जोडायची सोय, बंद. राऊटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असेल तर तो पहिला बदला. आणि पोर्टल आलं म्हणून वायफायचा नेहमीचा पासवर्ड (सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२) काढून टाकायचा नाही, तो फळ्यावर राहिला तरी चालेल, त्याने निदान हवेतला डेटा उघडा जात नाही. तो माहीत असलेला माणूस जरा खटपट करून दुसऱ्याचा डेटा वाचू शकतो हे खरं, म्हणून राऊटर डब्ल्यूपीए३ वाला, म्हणजे पुढच्या पिढीच्या सुरक्षेचा मिळाला तर उत्तमच.

आता नोंदीचं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून, आणि चौकशीचा ससेमिरा त्या भाडेकरूमागे लागला. पुढे तसेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. त्यानंतर दूरसंचार विभागाने २३ फेब्रुवारी २००९ ला सूचना काढल्या की सार्वजनिक वायफायवर माणसाची ओळख पटलेली पाहिजे, एकतर फोटो ओळखपत्राची प्रत किंवा मोबाईलवर एसएमएसने पाठवलेला पासवर्ड, आणि ती नोंद वर्षभर ठेवायची. एसएमएसचं काम छोट्या संस्थेला जड जातं, डीएलटीवर म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांच्या यंत्रणेवर नोंदणी, मेसेजचा नमुना मंजूर करणं वगैरे. पण तुमच्याकडे सभासद फॉर्म आणि ओळखपत्र आधीच आहे, तेव्हा कोड सभासद क्रमांकाला जोडा, झालं. पोलिसांनी उद्या विचारलं तर ते विचारतात अमुक वाजता हा आयपी कोण वापरत होतं, म्हणून राऊटरचं घड्याळ बरोबर पाहिजे आणि कोणता कोड कधी लॉगिन झाला, त्याला आतला कुठला पत्ता मिळाला आणि तिथून कुठली जोडणी कधी झाली याचे लॉग एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर साठत राहिले पाहिजेत.

एवढंच ठेवा. कोण कुठली साइट उघडतो हे बसून बघायचं नाही, ही मुलं प्रौढ आहेत आणि तुमच्यावर विश्वास टाकून आलीत. अश्लील साइट अडवायच्या असतील तर राऊटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.३ टाका, पुरेसं आहे. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावून ते चुकवता येतं, येऊ दे. यूट्यूब मात्र बंद करू नका, ज्यांना पुण्याच्या क्लासची फी परवडत नाही त्यांचा क्लास तिथंच आहे.

प्रश्न : मालवणजवळ आमचा छोटा होमस्टे आणि खाली चहा-नाश्त्याचं दुकान आहे. रेंज नसते म्हणून पर्यटक वायफाय मागतात. १० रुपयाला तासभर असं विकलं तर चालेल का, लायसन्स लागतं का?

उत्तर : ताई, घरगुती प्लॅन तसाच पुढं विकू नका, अटींमध्ये बहुतेक मनाई असते. तुमच्यासाठी पीएम-वाणी आहे. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली योजना, त्यात तुमच्यासारखा दुकानदार पीडीओ म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस होतो आणि त्याला ना लायसन्स लागतं ना नोंदणी फी. तुम्ही पीडीओए म्हणजे अ‍ॅग्रिगेटर कंपनीशी जोडून घ्यायचं, लॉगिन, हिशोब आणि नोंदी ठेवणं हे त्यांच्याकडे, गिऱ्हाईक अ‍ॅपमधून येतं आणि छोटी पॅक घेतं. आधी यात अडचण अशी होती की कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली लाइन घ्यायला लावायच्या, पण जून २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ठरवून दिलंय की २०० एमबीपीएसपर्यंतचे फायबर प्लॅन पीडीओला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. तेव्हा इंटरनेट कंपनीशी बोलताना ट्रायच्या या आदेशाचं नाव घेऊनच बोला. अ‍ॅग्रिगेटर कुणाचा निवडताय त्याच्याशी पैशाची वाटणी आणि पैसे कधी जमा होणार हे लेखी घ्या.

राहायला आलेल्यांना मात्र वेगळं विकू नका असं मला वाटतं, खोलीच्या भाड्यातच धरा, ओळखपत्र तुम्ही घेताच.

प्रश्न : रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला फोन जोडला जातो पण ओटीपीचं पान उघडतच नाही. फोन खराब आहे का?

उत्तर : नाही. ते पान मध्येच घुसवलेलं असतं आणि एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणीच्या साइटवर असं घुसता येत नाही, त्यामुळे तुम्ही गूगल किंवा फेसबुक उघडायला गेलात तर नुसतं गोल फिरत राहतं. वरून 'नेटवर्कमध्ये साइन इन करा' असं नोटिफिकेशन येतं त्यावर टॅप करा. ते आलं नाही तर व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस थोडा वेळ बंद करून परत जोडा, किंवा ब्राउझरमध्ये neverssl.com टाका, ती साइट याचसाठी आहे. रेलवायरवर, म्हणजे स्टेशनवरच्या या वायफायवर, पहिली ३० मिनिटं फुकट मिळतात, ती मोठी फाइल उतरवायला वापरा, आणि अशा वायफायवर बँकेचं काम नको, त्याला मोबाईल डेटाच बरा.