बर्फावर विमान उतरवताना अपघात होतात ते वादळांमुळेच का?

नमस्कार. तुमचा भाऊ भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकातील मैत्री तळावर निघाला आहे आणि केप टाउनहून पुढचा प्रवास विमानाने आहे, म्हणून तुम्ही हे विचारले आहे. मी सांताक्रूझला विमानांच्या उपकरणांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे होकायंत्रे आणि जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या आधारे दिशा दाखवणारी उपकरणे, तपासत होतो. ध्रुवीय प्रदेशातील अपघातांचे अहवाल तेव्हापासून आवर्जून वाचत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

वादळ हे कारण आहेच, पण मला त्याहून मोठे वाटते ते दुसरे आहे. आपण नेमके कुठे आहोत याची वैमानिकाला खात्री असते आणि ती खात्री चुकली तर ते दाखवून देणारे बाहेर काहीच नसते. जुलैच्या धो धो पावसात मुंबईत विमान पूर्वेकडून उतरते तेव्हाही ढगांतून खाली आल्यावर घाटकोपर-कुर्ल्याच्या चाळी, छपरांवरची निळी ताडपत्री, रस्त्यांवरचे दिवे दिसू लागतात आणि डोळा त्यांवरून उंचीचा अदमास घेतो. बर्फाळ प्रदेशात आभाळ भरलेले असले की ढगांतून झिरपणारा प्रकाश बर्फावरून परत वर फेकला जातो, सावल्या नाहीशा होतात आणि समोरचा चढ सपाट मैदानासारखा, किंबहुना आकाशासारखाच दिसतो. हवा स्वच्छ असूनही असे होते. 28 नोव्हेंबर 1979 रोजी एअर न्यूझीलंडचे पर्यटकांना घेऊन गेलेले डीसी-10 विमान अंटार्क्टिकातील माउंट एरेबसच्या उतारावर आदळले आणि 257 जण गेले. ते तिथे उतरणार नव्हते, तरी हे उदाहरण टाळता येत नाही, कारण विमानाच्या संगणकातील मार्ग उड्डाणापूर्वी बदलला गेला होता, वैमानिकांना ते सांगितलेच नव्हते आणि समोरचा डोंगर त्यांच्या डोळ्यांना दिसला नाही.

आता माझ्या कामाचा भाग. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्राच्या सुईला आडवी ओढ फारच कमी मिळते, त्यामुळे तिथे दिशेसाठी जायरोवर विसंबावे लागते. जायरो अवकाशात आपला अक्ष धरून ठेवतो आणि पृथ्वी त्याच्याखाली फिरत राहते. आमच्या टेबलावर दुरुस्ती न लावता सुरू ठेवलेला जायरो तासाभराने पाहिला की मुंबईच्या अक्षांशावर तो जवळजवळ पाच अंश सरकलेला असे. नवीन आलेल्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवत असे. कोणी हात न लावता काटा सरकलेला पाहून ती गप्प होत. हेच सरकणे कॅनडातील रेझोल्यूट बे येथे ताशी साडेचौदा अंशांच्या आसपास जाते, म्हणून ती दुरुस्ती अक्षांशानुसार लावावी लागते आणि काट्याचा मेळ पुन्हा पुन्हा घालावा लागतो.

त्याच रेझोल्यूट बे येथे 20 ऑगस्ट 2011 रोजी फर्स्ट एअर कंपनीचे बोइंग 737 उतरत होते. त्याच्या दिशादर्शकात शेवटी 17 अंशांपर्यंत चूक होती, आणि वळताना बहुधा नियंत्रणाला हात लागून ऑटोपायलटची धावपट्टीच्या मार्गावरची पकड सुटली. विमान उजवीकडे सरकत गेले. सहवैमानिकाच्या ते लक्षात आले होते आणि त्याने एकदा नव्हे, अनेकदा सांगितले. कॅप्टनच्या मनातले चित्र मात्र बदलले नाही. पुन्हा वर चढण्याचा निर्णय झाला तेव्हा उशीर झाला होता, धावपट्टीच्या पूर्वेला सुमारे मैलभरावरच्या टेकडीवर विमान आदळले आणि 15 पैकी 12 जण गेले. तो अहवाल मी कितीदा वाचला असेल, पण सहवैमानिकाच्या त्या सूचनांपाशी आलो की अजूनही वाचवत नाही.

सगळेच प्रसंग असे संपत नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये रशियातील याकुतियात एक अँटोनोव्ह विमान धावपट्टी सोडून गोठलेल्या कोलिमा नदीवर उतरले. बर्फाने वजन पेलले आणि सर्व प्रवासी सुखरूप राहिले.

तुमच्या भावाचे विमान केप टाउनहून सुमारे सहा तासांनी रशियाच्या नोवोलाझारेव्हस्काया तळाजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरेल. तिथे उड्डाण हवामानाचा अंदाज पाहूनच सोडतात. न्यूझीलंडहून अंटार्क्टिकाला जाणारी विमाने तर निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावरही, परतण्यापुरते इंधन आहे तोवरच, माघारी वळतात. तिकडे त्याला बूमरँग म्हणतात. तेव्हा भावाचा केप टाउनहून फोन आला आणि चार दिवस हॉटेलातच बसून आहोत असे तो वैतागून म्हणाला, तर त्याला निवांत जेवून झोपायला सांगा. कोणीतरी जागा राहून तिथले आभाळ पाहतो आहे.