सोसायटीचं सभासदत्व घ्यावं का? जळगावच्या एम.टेक.वाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: जळगावचा एम.टेक.चा विद्यार्थी, रावेरकडच्या केळीचं खोड वादळात नेमकं कुठे मोडतं याचं फायनाईट एलिमेंट मॉडेल (वस्तूचे बारीक तुकडे पाडून संगणकावर केलेलं गणित) करतोय. गाईड म्हणतात, संगणकीय यांत्रिकीच्या (ताण, वाकणं, प्रवाह संगणकावर सोडवण्याच्या विषयाच्या) एखाद्या सोसायटीचा, म्हणजे संशोधकांच्या संघटनेचा, सभासद हो. पोरगा विचारतो, पैसे भरून मिळतं काय, सर्टिफिकेट?

भाऊ, सर्टिफिकेटचे पैसे मीही भरलेत. तुझ्याच वयात एका 'आंतरराष्ट्रीय' परिषदेला गेलो होतो. हॉटेलचा हॉल, एका दुपारीत चाळीसेक पेपर. माझ्या आधीचा सोयाबीनच्या भावावर बोलला, नंतरचा मोबाईलच्या अँटेनावर. मला प्रश्न एकच आला, "जेवणाचं कूपन घेतलं का?" सर्टिफिकेट मात्र सोनेरी काठाचं होतं. अजून घरात आहे, आई त्यावर पापड वाळवत नाही एवढंच.

खऱ्या सोसायटीचं काम वेगळ्या जागी चालतं. या विषयाची जागतिक संघटना म्हणजे आयएसीएम, इंटरनॅशनल असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स. तिचं पहिलं जागतिक अधिवेशन 1986 साली ऑस्टिनला झालं. सुरुवातीला चार वर्षांनी भरायचं, आता दोन वर्षांनी भरतं. 2024 ला व्हँकुव्हर झालं, 2026 साठी म्युनिक. तिच्याखाली देशोदेशीच्या संघटना आहेत. अमेरिकेची यूएसएसीएम 1988 ची, तिचं राष्ट्रीय अधिवेशन 1991 पासून विषम वर्षांत होतं. आपल्याकडे इंडियन असोसिएशन फॉर कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स आहे. त्याहून जुनी, 1955 साली खरगपूरला सुरू झालेली इस्टॅम, म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ थिऑरेटिकल अँड अप्लाइड मेकॅनिक्स आहे. तिचा आवाका सगळ्या यांत्रिकीचा. पदकं, पुरस्कार, वार्तापत्र हे सगळं असतं, पण तुला त्याचं आज काही पडलेलं नाही.

तुझ्या कामाचं आहे ते मिनी-सिम्पोझियम. अधिवेशनाच्या मोठ्या भाषणांना गर्दी असते. खरा व्यवहार लहान खोल्यांत होतो. दोन-चार संशोधक आधी विषय सुचवतात, कुणी द्रव आणि घन यांची परस्परक्रिया, कुणी अनिश्चिततेचं मोजमाप, कुणी नुसते तडे आणि मोडणं. मग त्या-त्या विषयाखाली लोक छोटा ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या कामाचा सारांश, पाठवतात. सारंगखेड्याच्या यात्रेत पाळण्यात बसणारे हजारो असतात, पण घोड्याचं तोंड उघडून दात मोजणारे वेगळेच. या खोल्यांत ते दात मोजणारे भेटतात.

माझे दात मोजले गेले ते ड्रिपरवर. ठिबकच्या ड्रिपरमधल्या नागमोडी वाटेचं सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं संगणकावरचं गणित, करत होतो. ताशी 2 लिटरचा ड्रिपर, वाट साधारण 1 मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल. वेग येतो सेकंदाला अर्ध्या मीटरच्या थोडा वर, रेनॉल्ड्स आकडा (प्रवाहाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारा) साडेपाचशेच्या आसपास. सरळ नळीत 2000 च्या खाली प्रवाह लॅमिनार, म्हणजे शांत, थराथरांचा, हे दुसऱ्या वर्षापासून घोकलेलं. लावला लॅमिनार सॉल्व्हर. चित्रं अशी रंगीत आली की मीच खूश.

एका आयआयटीतल्या अधिवेशनात ते दाखवलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "दाब वाढवला की पाणी कितव्या घाताने वाढतं? मोजलंय का?" मोजलं होतं, बादली आणि स्टॉपवॉच घेऊन. बादलीचा घात 0.5 च्या जवळ (दाब चौपट तर पाणी दुप्पट), मॉडेलचा 0.7. हा फरक मी स्लाईडवरून गाळला होता. खोटं बोलावं असं मनात आलं, पण तोंडून खरंच निघालं. त्यांचा पुढचा प्रश्न, "वाटेतल्या दातांमागे मेश, म्हणजे गणिताची जाळी, निम्म्या आकाराची करून बघितली?" नव्हती बघितली. पुस्तकातला 2000 चा आकडा सरळ, गुळगुळीत नळीचा. नागमोडी वाटेत दातामागे पाणी फाटतं, भोवरे होतात, ऊर्जा तिथे जाते आणि घात 0.5 कडे सरकतो. माझ्या जाड मेशमध्ये ते भोवरे पुसले गेले होते.

चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं, आधी चौकोनी खोक्याचा प्रश्न सोडव. वरचं झाकण सरकतं, आतलं द्रव फिरतं. घिया, घिया आणि शिन या संशोधकांनी 1982 साली रेनॉल्ड्स 100 ते 10000 पर्यंतची त्याची उत्तरं तक्त्यात देऊन ठेवलीत. तुझा कोड त्या तक्त्याशी जुळला तरच ड्रिपरला हात लाव. दीड महिना त्यात गेला. तुमच्या स्थायूवाल्यांकडे कोड पारखायचं तेच काम कुकचा तिरका पत्रा हा ठरलेला नमुना-प्रश्न करतो. तो आधी करून घे, सभासदत्वाला एक रुपयाही न भरता करता येतो.

आता पैशांचं. विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी कमी असते. देशातल्या संघटनेत जा, परदेशीच्या मागे आत्ता लागू नकोस. आणि आधी ॲब्स्ट्रॅक्ट लिही, तो स्वीकारला तर सभासद हो; उलट करशील तर वर्ष असंच जाईल. व्याख्यानं, शॉर्ट कोर्स, वेबिनार असतात. बरे असतात, पण ते घरी बसूनही बघता येतात. जायचंय ते प्रश्न ऐकायला.

तुझ्या विषयाला प्रश्न कुठून येईल ते मला आत्ताच दिसतंय. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे, एकात एक गुंडाळलेली पानांच्या तळची आवरणं आणि नव्वद टक्क्यांवर पाणी. एकाच बागेत सकाळचं खोड आणि उन्हाने कोमेजलेलं खोड सारखं वाकणार नाही. त्यात घड एका बाजूला लोंबतो, म्हणजे वारा यायच्या आधीच वाकण्याचा भार आहे. तू लवचिकतेचा एकच आकडा घेऊन बसला असशील तर तुझी खोली 'अनिश्चितता'वाली, 'मोडणं'वाली नव्हे. किती खोडं तपासलीस, कापल्यावर किती तासांनी, आणि घडासकट की घडाशिवाय? ते इथे लिही, मग ॲब्स्ट्रॅक्टचं शीर्षक ठरवू.