इगतपुरीत एवढा पाऊस असून भाताचं एकच पीक का घेतात? सिन्नर-येवल्याचे शेतकरी जास्त मेहनती असतात का?

मेहनतीचा इथे काही संबंध नाही. येवल्यात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इगतपुरीत साधारण 3000. पण उताराच्या उथळ जमिनीवर ते पाणी थांबतच नाही. दारणा धरणात उतरतं, तिथून नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या कालव्यांनी निफाड-कोपरगावकडे जातं आणि उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या वाड्यांवर टँकर येतात. "तुमच्याकडे पाणीच पाणी" म्हणणाऱ्या कांदापट्ट्यातल्या पाहुण्यांना मी वर्षानुवर्षं हेच सांगतोय.

पूर्वेकडे, सिन्नर-येवल्यात, पाणी अडवायचं असतं: उताराला आडवी पेरणी, वेळेवर कोळपणी (पिकाच्या ओळींमधली माती हलवणं), शेततळं. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात, काठ उतरते असल्याने, जेमतेम 22 लाख लिटर मावतं. पिकाला 40 सेंटिमीटर पाणी धरलं तर एका एकराला 16 लाख लागतात, वर बाष्पीभवन. म्हणजे एका तळ्यावर जेमतेम एकच एकर.

आमच्याकडे अडवायचं असतं ते खत. आषाढात फोकलेला (हाताने वरून फेकलेला) युरिया बांधावरून वाहून जातो. म्हणून युरिया आणि डीएपी या खतांच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरा. लावणीच्या दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा करा, चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीनच रोपं ठेवा. चार चुडांच्या 15 बाय 15 च्या चौकोनात मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी त्याच दिवशी 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबा. एकरी 25,000 गोळ्या, म्हणजे 67-68 किलो. वरवर दाबली की ती विरघळून पाण्यात उतरते, मग फोकल्यासारखंच. नंतर त्या चौकोनात पाय पडू देऊ नका. मजूर खोल दाबायचा कंटाळा करतात आणि दोष गोळीला लागतो. गोळी चालते की नाही हा वाद गावोगाव आहे, चूक हाताची असते.

एक मात्र खरं, पाणी न ठरणाऱ्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, मुरमाड रानात हे चालत नाही. तिथे नागली (नाचणी)-वरईच लावा.

दुसरं पीक येऊ शकतं. भात काढल्याबरोबर, ओल उडायच्या आत हरभरा किंवा मसूर टाका. आठवडा गेला की वरची माती टणक होते, उगवण विरळ पडते. पण कापणी झाली की गुरं मोकाट सुटतात, त्यामुळे एकट्याने पेरलं तर हाती काही लागत नाही. शेजारच्या पाच-सहा खाचरवाल्यांना दिवाळीआधीच तयार करा आणि सलग पट्टा पेरा, म्हणजे राखण एकालाच करता येते.