स्पेशल एमआरआय काढला तर हात परत येईल का ते कळतं का?

प्रश्न: बाबांना (वय ६७) पंधरा दिवसांपूर्वी लकवा मारला. पाय जरा हलतो पण उजवा हात लुळाच आहे. नात्यातले एक जण म्हणाले की आता मेंदूचा स्पेशल एमआरआय निघालाय, त्यात हात किती सुधारणार ते आधीच कळतं. इथले डॉक्टर म्हणतात गरज नाही. पुण्याला नेऊन करून घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: डॉक्टर बरोबर सांगतायत, पण तुमचे नातेवाईकही अगदीच हवेत बोलत नाहीयेत. डीटीआय नावाचा स्कॅन आहे खरा, तो एमआरआयचाच एक प्रकार. मेंदूकडून हाताला हुकूम नेणारे तंतू खोलवर इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्ट्यातून दाटीवाटीने खाली उतरतात, तिथे हरभऱ्याएवढा डाग पडला तरी अख्खा हात जातो आणि दुसरीकडे चांगला मोठा डाग पडूनही हात शाबूत राहू शकतो, म्हणून रिपोर्टात नुसतं 'लार्ज' किंवा 'स्मॉल' वाचून काही ठरवू नका. डीटीआयमध्ये या तंतूंची डाव्या-उजव्या बाजूची तुलना करतात.

आता गंमत बघा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात कॅथी स्टिनिअर यांच्या टीमने २०१२ मध्ये हाताचा अंदाज बांधायची 'प्रेप' पद्धत मांडली, त्यात शेवटची पायरी एमआरआयची होती. २०१७ च्या सुधारित पद्धतीत त्यांनी स्वतःच ती काढून टाकली, कारण लकवा किती जोराचा आहे याचा खाटेजवळ तपासून काढलेला स्कोअर तेवढंच काम करत होता! उरलं काय, तर लकव्यानंतर तिसऱ्या दिवशी पेशंटला खांद्यातून हात बाजूला उचलायला आणि बोटं सरळ करायला सांगायचं, दोन्हीला ० ते ५ मार्क द्यायचे. बेरीज ५ किंवा जास्त आली तर तीन महिन्यांनी हात कामाचा होण्याची आशा चांगली. कमी आली तर डोक्यावरून चुंबकाची टिचकी देऊन हाताच्या स्नायूत सिग्नल उमटतो का ते बघायचं (ही मशीन सगळीकडे नसते). एवढं करूनही साधारण चारातला एक अंदाज चुकतो, म्हणजे कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा जपून.

आणि हे गणित पहिल्या आठवड्याचं आहे हो, तुमचे पंधरा दिवस झालेत. आज स्कॅनमध्ये काहीही दिसलं तरी फिजिओथेरपी थांबणार नाही, मग प्रवासाची दगदग कशाला? ते पैसे फिजिओला घरी बोलवायला ठेवा आणि बोटं जराशी तरी उघडतायत का, खांदा उचलतोय का हे त्यांच्याकडून दर आठवड्याला लिहून घ्या. मात्र नवीन अशक्तपणा आला, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा, तिथे स्कॅन लागतोच.

आणखी एक, बाबांना उठवताना तो लुळा हात धरून ओढू नका, खांदा निसटतो आणि मग दुखण्यापायी पेशंट व्यायामच करू देत नाही.